उस्ता सामवेलची यादी

ग्युमरी, ९ फेब्रुवारी २०१९

लाकडावर चालणाऱ्या पत्र्याच्या शेगड्या, धुराड्यासकट. आजवर चारशे बारा केल्या. त्यांतल्या सदतीस अजून डोमिकांत, म्हणजे भूकंपानंतर लोकांना राहायला दिलेल्या त्या लोखंडी खोल्यांत, पेटतात. सगळ्या हिवाळ्यात एकदा पाहून येतो. विकायला शिल्लक सहा. साठ हजार द्रामला एक.

लेथ, एक. बैठक रेल्वेच्या रुळाची, मुख्य दांडा मालगाडीच्या आसाचा. मीटरभर लांबीत केसाच्या निम्म्यानंही चुकत नाही. असा जर्मन लेथ तीस हजार डॉलरला येतो. माझा एक कोटी चाळीस लाख द्राम.

पत्रा वाकवायचा प्रेस, बावन्न लाख. घराचं लोखंडी फाटक, द्राक्षवेलीच्या नक्षीचं, नऊ लाख. हत्यारं दोनशे चौदा, सगळी मी घडवलेली, सत्तावीस लाख.

दुर्बीण, एक. एकवीस सेंटिमीटरचा आरसा पाण्याच्या पिंपावर ठेवून, पिंपाभोवती फेऱ्या मारत चार महिने घासला. चूक केसाच्या जाडीच्या पाचशेव्या भागाहून कमी. दाढीचं पातं आणि बल्ब घेऊन तपासली, तू साक्षीला होतीस, तेव्हा नऊ वर्षांची होतीस. ऐंशी लाख.

अक्रोडाचा पाळणा, तुझा. विकायचा नाही, म्हणून किंमत लिहीत नाही.

एकूण तीन कोटी अकरा लाख साठ हजार.

आर्पी जान, तुझ्या कॉलेजच्या मदतीच्या फॉर्मच्या चौथ्या पानावर 'कुटुंबाच्या मालकीचे काय काय आहे' असं विचारलंय. हे जसंच्या तसं उतरवून काढ. उत्पन्नाच्या रकान्यात जे आहे तेच लिही, महिन्याला सरासरी एक लाख चाळीस हजार. पण मालाच्या रकान्यात एक द्रामही कमी लिहायचा नाही. हातानं घडवणाऱ्या उस्तानं आपल्या कामाची किंमत कमी सांगितली की दुसऱ्या दिवशी गावातल्या सगळ्या उस्तांचा भाव पडतो, हे तुला सांगायला नको.

तुझा पपा

ता.क. मी आई. यादी लिहायला याला तीन संध्याकाळी लागल्या. प्रत्येक वस्तू परत मोजली. जेवायला हाक मारली तर म्हणतो, दोनशे तेरा झाली, एक छिन्नी सापडत नाही. वहीच्या पानाचा फोटो मी पाठवतेय. फोनवर बोल म्हटलं तर म्हणतो, जे लिहिलं नाही ते बोललंच नाही. तुझं दुखणं मी घेते, नीट जेव.


सेलम, ओरेगन, १७ फेब्रुवारी

पपा जान,

यादी मिळाली. इंग्रजीत केली, छिन्नीसकट. तू लिहितोस म्हणून मीही हातानं लिहितेय, अक्षरावरून बोलू नकोस.

पूर्वेकडच्या त्या कॉलेजात बदली मागणं किती किचकट आहे ते तुला एकदा सविस्तर सांगते, म्हणजे मी मध्येच काही मागितलं तर चिडणार नाहीस. आमचं इथलं कॉलेज दोन वर्षांचंच आहे. जूनमध्ये ते संपेल. तोवर पुढच्या कॉलेजात जागा मिळाली नाही तर माझी इथे राहायची मुदतही संपते. खगोल शिकवणारी आणि बाहेरदेशच्या बदलीवाल्या मुलांना पैशाची मदत करणारी कॉलेजं बोटावर मोजण्याइतकी आहेत. या कॉलेजात आमच्यासारख्यांसाठी मदतीच्या जागा दोन. इथल्या पोरांसाठी वेगळी खिडकी आहे. ती आधी आत जातात, पैशाचं नंतर बोलतात. आम्हाला पैसे लागणार का, हे दारातच सांगावं लागतं. आत्ता 'नको' म्हटलं तर पुन्हा कधीच मागता येत नाही.

तर काम असं. माझ्या शाळेचे शेवटच्या तीन वर्षांचे गुण, सीलबंद पाकिटात, पाकिटाच्या जोडावर शिक्का मारून. शिवाय वर्गात माझा क्रमांक कितवा, हे शाळेनं लिहून द्यायचंय. रुझाना टीचरकडे तू जा. आईला पाठवू नकोस, आई तिथे रडते.

निबंध मी आरशावर लिहिलाय. पिंपाभोवतीच्या फेऱ्यांवर. तू म्हणायचास ना, फेरी चुकली तर आरसा चुकतो.

आर्पी


ग्युमरी, २३ फेब्रुवारी

आर्पी जान,

शाळेत गेलो. रुझाना टीचरनी पहिल्याच वाक्याला सांगितलं, "सामवेल, आमच्याकडे क्रमांक नसतो. हुशार होती असं लिहू?"

"टीचर, रकाना आकड्याचा आहे."

"मग तूच सांग, कितवी होती?"

"पहिली."

"पहिली गयाने होती."

"मग दुसरी लिहा."

"दुसरी लिहिलं तर अनुशची आई उद्या सकाळी या खुर्चीत येऊन बसेल. तिच्यापेक्षा तुझं कॉलेज परवडलं."

अर्धा तास हे चाललं. शेवटी त्यांनी लिहिलं: या शाळेत मुलांना रांगेत उभे करून मोजत नाहीत, ही मुलगी आकाशाबद्दल असे प्रश्न विचारी की आमच्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकांनी पुस्तक पुन्हा वाचायला घेतले. खाली शिक्का. पाकिटाच्या जोडावर दुसरा शिक्का. तो थोडा तिरका बसला. मी दुसरं पाकीट मागितलं. त्या म्हणाल्या, "शिक्का तिरका असला म्हणून मुलगी तिरकी होत नाही." पण दिलं. बदल्यात त्यांच्या खोलीतल्या शेगडीचं धुराडं नीट करून आलो. कुणी लावलं होतं देव जाणे, सांधा उलटा होता.

आता माझा प्रश्न. ज्या मुलीनं दोन वर्षं सगळ्या विषयांत वरचे गुण काढलेत, तिला अजून ती शाळेत कितवी होती हे कशाला सिद्ध करायचं? मी कुणाला लेथवर घेतो तेव्हा एक तुकडा कातायला देतो आणि तुकडा बघतो. त्याचा दाखला मागत नाही. मलाच कुठे दाखला होता? माझी तांत्रिक शाळा अठ्ठ्याऐंशी सालच्या डिसेंबरात भूकंपानं खाली आली तेव्हा मी पंधरा वर्षांचा होतो. पुढचं सगळं ढिगाऱ्यातून काढलेल्या पुस्तकांवर शिकलो.

पपा


ग्युमरी, १४ एप्रिल

आर्पी,

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात कळेल असं तू म्हणाली होतीस. आज चौदा. आई रोज फोनवर तुझा चेहरा बघते आणि मला सांगते, हसते पण डोळे हसत नाहीत. मी विचारलं की तू म्हणतेस, अजून काही नाही पपा, इथे पाऊस आहे.

मी काय ते ओळखलं. त्यांनी माझ्या यादीवर विश्वास ठेवला नाही. एका ग्युमरीच्या पत्रेवाल्याकडे एवढा माल कुठून, असं त्यांना वाटलं. खोटारडा ठरवलं मला.

म्हणून सोबत पाठवतोय: प्रत्येक वस्तूचा फोटो, शेजारी मोजपट्टी धरून. लेथची मापं, तीनदा घेतलेली. सहा शेजाऱ्यांच्या सह्या, की हे सगळं त्यांच्या डोळ्यांदेखत या दोन हातांनी झालं. सहावी सही भिंतीपलीकडच्या म्हाताऱ्या वार्तुशची आहे. तिनं सहीखाली स्वतःहून लिहिलंय, 'आवाजानं बावीस वर्षं झोप नाही.' हे सगळं त्यांच्या टेबलावर ठेव. मग बघू कोण खोटं म्हणतं.

पपा


सेलम, २१ एप्रिल

पपा जान,

टेबलावर ठेवलं नाही. ठेवणारही नाही. आता खरं सांगते. मी तीन आठवडे लपवलं, त्याबद्दल काय बोलायचं ते बोल.

दोन एप्रिललाच पत्र आलं. मला घेतलंय. बदलीच्या अकराशे अर्जांतून तेवीस घेतले, त्यांत मी. निबंधाबद्दल वेगळी ओळ आहे, हातानं लिहिलेली, की समितीनं आरशाचा भाग एकमेकांना वाचून दाखवला.

त्याच पाकिटात दुसरा कागद होता. मदत शून्य. वर्षाचे एकाहत्तर हजार डॉलर कुठून भरणार ते दहा मेपर्यंत सिद्ध करायचं, नाहीतर जागा जाते.

मी मदतीच्या खात्यात फोन केला. बाई गोड बोलते. म्हणाली, "तुमच्या वडिलांचा उद्योग चांगला मोठा दिसतो."

मी म्हटलं, "उद्योग म्हणजे एक खोली आहे. महिन्याचं उत्पन्न तर लिहिलंय ना?"

"ते पाहिलं. पण पासष्ट हजार डॉलरची यंत्रं आणि वस्तू आहेत. त्या विकून किंवा तारण ठेवून पहिलं वर्ष बरंचसं निघेल. ज्यांच्याकडे काहीच नाही अशांना आधी द्यावं लागतं."

"लेथ विकला तर आम्ही खायचं काय?"

मग म्हणाली, "त्याला आमच्या फॉर्ममध्ये रकाना नाही."

पपा, त्यांनी तुला खोटं ठरवलं नाही. त्यांनी तुझ्या यादीतला शब्द न् शब्द खरा मानला. सगळं घोडं तिथेच पेंड खातंय.

चूक माझीही आहे. इथे कॉलेजातली व्हिएतनामची तुयेत माझ्याबरोबर फॉर्म भरत होती. तिनं वडिलांच्या दुकानापुढे लिहिलं, जुनं सामान, किंमत नगण्य. माझी यादी बघून ती म्हणाली, "वेडी आहेस का?" मला कळत होतं. पण तू मोजलेलं होतंस, छिन्नीसुद्धा मोजली होतीस. माझा हात 'नगण्य' लिहायला वळला नाही.

आणखी एक. माझ्या दोन वर्षांपैकी एकच वर्ष धरणार आहेत. आमची प्रयोगशाळा आठवड्याला तीन तास, त्यांची चार. म्हणून मला वर्णपट पुन्हा शिकावा लागेल, जो मी इथे दुसऱ्यांना शिकवते. त्यावर अपील नाही.

पैशावर अपील आहे. एकच कागद हवा: वस्तूंना आज बाजारात खरोखर काय येईल, हे गावातल्या एखाद्या खरेदीदारानं लिहून द्यायचं, सही-शिक्क्यानिशी, भाषांतरासह.

आर्पी


ग्युमरी, २३ एप्रिल

आर्पी,

पत्र चारदा वाचलं. पाचव्यांदा तुझ्या आईनं मोठ्यानं वाचलं, कारण मी काहीतरी चुकीचं वाचतोय असं तिला वाटत होतं.

म्हणजे आरशाची गोष्ट त्यांना आवडली. एकमेकांना वाचून दाखवली. आणि शेजारच्या खोलीतल्या बाईनं त्याच आरशाचे ऐंशी लाख धरून म्हटलं, विका. ज्याच्यामुळे मुलगी घेतली तेच विकून तिची फी भरा. अशी माणसं दुर्बीण बघत असतील तर कुठल्या टोकाला डोळा लावतात?

माझं उत्पन्न त्यांना दिसलं. एक लाख चाळीस हजार द्राम, तीनशे डॉलरही नाहीत. तीनशे डॉलर मिळवणाऱ्या माणसाकडे पासष्ट हजाराचा माल आहे तर तो त्यानं स्वतः केला असणार, एवढा साधा हिशेब त्या बाईला करता येत नाही? हा माल तिजोरीत ठेवायचा माल नाही. तो माझा हात आहे. उद्या त्या रकान्यात विचारतील, तुम्हाला हात किती, दोन, मग एक विका.

आणि आता मी कुणाला तरी गाठायचं, आणि त्यानं लिहून द्यायचं की उस्ता सामवेलचं काम कवडीमोल आहे. कोण देईल असा कागद? या गावात माझ्या कामाला कमी म्हणणारा एक माणूस मिळणार नाही. मिळाला तर मी त्याच्याशी बोलणार नाही.

नाही, आर्पी. मी खरं लिहिलंय. खऱ्याची दुसरी प्रत नसते.

पपा

ता.क. मी आई. तो परवापासून वर्कशॉपमध्ये आहे, पण हातोडीचा आवाज येत नाही. वार्तुश विचारायला आली, बरं आहे ना सगळं, म्हणे झोप लागत नाही.


सेलम, २५ एप्रिल

पपा,

ठीक आहे. तू म्हणतोस तर तसं. मी तुला खोटं लिहायला सांगणार नाही.

पण तूही एक ऐक. गेली दीड वर्षं मी इथल्या कॉलेजच्या स्वयंपाकघरात भांडी घासते. वाचनालयात काम करते असं मी तुम्हाला सांगितलं होतं. पोळतं पाणी असतं, हाताची कातडी निघते. मला त्याची लाज नाही. लाज तुला वाटेल म्हणून लपवलं. आपल्या घरात दोन माणसं कागदावर मोठी दिसण्यासाठी झटतात, एक तिकडे, एक इकडे. आणि त्या बाईच्या टेबलावर दोघंही श्रीमंत ठरतो.

राग मलाही येतो, पपा. तुझ्यापेक्षा जास्त, कारण मी इथे आहे आणि मला हसून 'धन्यवाद, समजलं' म्हणावं लागतं. माझ्याबरोबरच्या अमेरिकन मुलाचं अपील दोन दिवसांत झालं, त्याला कुणी वडिलांच्या हातोडीचा भाव विचारला नाही.

जूनच्या अकराला माझं परतीचं विमान आहे. फाटकाला तेल घाल, उघडताना कुरकुरतं. तुझ्या फाटकाबद्दल असं मीच म्हणू शकते.

आर्पी


सेलम, १६ मे

पपा जान,

तू काय पाठवलंस?

आज पत्र आलं. मदत मंजूर. फी आणि राहणं पूर्ण. जेवणाचे आणि प्रवासाचे मी कमवायचे. एक वर्ष पुन्हा शिकायचं ते मात्र तसंच. सुरुवातीला 'अभिनंदन' आहे, बाकी सगळी कलमं. दरवर्षी फॉर्म नव्यानं भरायचा.

मी बाईला फोन केला. म्हटलं, माझ्याकडून तर कुठलाच कागद आला नव्हता. ती म्हणाली, परस्पर आला, नोटरीचा, लाल दोऱ्यानं शिवलेला, त्यावर वजनकाट्याची पावती होती. मग म्हणाली, "खाली तुमच्या वडिलांच्या दोन ओळी आहेत. त्या मी वाचल्या." पुढे काही सांगेना.

विमान रद्द केलंय. आईला सांग. आणि मला सांग.

आर्पी


ग्युमरी, १८ मे

आर्पी जान,

सांगतो. क्रमानं सांगतो, मध्ये काही गाळणार नाही.

तुझं भांड्यांचं पत्र आल्यावर मी चार दिवस काही केलं नाही. फाटकाला तेल घातलं. कुरकुरत नव्हतं, तरी घातलं. मग लक्षात आलं की या गावात एक माणूस आहे जो माझ्या कामाला कमी म्हणणार नाही आणि जास्तही म्हणणार नाही, कारण तो काम बघतच नाही. स्टेशनमागचा मोडवाला झावेन. तो भंगाराचं फक्त वजन बघतो.

मी त्याला म्हटलं, "माझ्या सगळ्या मालाला काय देशील ते लिहून दे."

तो म्हणाला, "उस्ता, चेष्टा करू नकोस. तुझ्या वर्कशॉपचा भाव मी लिहिला तर बायको मला घरात घेणार नाही."

"शिक्का आहे ना तुझ्याकडे?"

"आहे. पण काट्यावर चढल्याशिवाय मी लिहीत नाही. वजनं तुला पाठ असतील, मला काटाच लागतो."

हे मला पटलं. माणूस आपल्या कामात चोख आहे.

दोन मेला ट्रक आणला. लेथ बोल्ट काढून उचलला, चौदा वर्षांनी पहिल्यांदा. प्रेस, सहा शेगड्या, हत्यारांच्या पेट्या, दुर्बिणीची लोखंडी बैठक. फाटक बिजागरीतून उतरवलं. सगळी गल्ली बाहेर उभी होती. कुणी काही विचारलं नाही, म्हणजे सगळ्यांनी ठरवलं की उस्ता बुडाला. वार्तुश तेवढी म्हणाली, "सामवेल, मी झोपेचं उगाच लिहिलं रे." आईनं पाळणा दारात ओढून त्यावर हात ठेवला आणि म्हणाली, "हा नाही." मी म्हटलं, "लाकूड आहे, काट्याला लागत नाही." तरी तिनं हात काढला नाही.

आरसा मी फडक्यात गुंडाळून मांडीवर घेऊन ट्रकमध्ये बसलो. झावेननं विचारलं, ते काय. म्हटलं, आरसा. म्हणाला, "काच आम्ही घेत नाही, उस्ता." म्हणून त्याच्या कागदावर आरसा नाही.

काट्यावर भरलेला ट्रक, मग तोच ट्रक रिकामा. फरक दोन हजार तीनशे चाळीस किलो. माझ्या मनातला आकडाही तोच होता. किलोला ऐंशी द्राम. मग झावेननं सवयीनं गंज आणि माती म्हणून शेकडा पाच वजा केले.

तिथे आमचं वाजलं. मी म्हटलं, "बोट फिरव. कुठे गंज दिसला तर दाखव."

"अरे, सगळ्यांचे कापतो. आणि तुला आकडा कमीच हवाय ना? पोरीसाठीच चाललंय ना हे?"

"कमी हवाय. खोटा नको."

त्यानं खिशातून रुमाल काढून लेथच्या बैठकीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवला, मग उलटा करून बघितला. रुमाल तसाच पांढरा होता. त्यानं पाच टक्के खोडले, नवा कागद घेतला, पुन्हा लिहिला, शिक्का मारला. या वेळी शिक्का सरळ बसला. मग विचारलं, "आत नेऊ माल?" मी म्हटलं, "परत चढव."

लेथ पुन्हा पाणसळीत आणायला तीन दिवस लागले. फाटक आता खरंच थोडं कुरकुरतं. येशील तेव्हा बघू.

आणि त्या कॉलेजबद्दल माझा राग गेला असं समजू नकोस. मी आयुष्यभर मोजून लिहिलं ते वाचून त्यांनी तुला दारात उभं केलं, आणि मोडवाल्याची पावती वाचून आत घेतलं. 'अभिनंदन' त्यांनी झावेनला लिहावं. तू आत जा आणि वर्णपट पुन्हा शिक, चार तासवाला. त्यांच्या प्रयोगशाळेतला आरसा बघ, आणि आपल्यापेक्षा वाईट असेल तर मला कळव. भांडी घासताना हातमोजे घाल. मी जाड रबराचे पाठवतोय, आतून लोकरीचे, आईनं शिवलेत.

बाईनं तुला सांगितल्या नाहीत त्या दोन ओळी अशा. झावेनच्या शिक्क्याखाली जागा होती, तिथे लिहिल्या, आणि नोटरीकडून त्यांचंही भाषांतर करून दुसऱ्याच दिवशी कुरियरनं थेट त्या खात्याला धाडलं. पुढच्या वर्षीच्या फॉर्मला याच जोड:

'वरील सर्व वस्तू मी, सामवेल मुरादयान, याने स्वतःच्या हातांनी केल्या आहेत. दिनांक २ मे २०१९ रोजी त्या सर्वांसाठी मला मिळालेली खरेदीची मागणी मी नाकारली. रक्कम: एक लाख सत्त्याऐंशी हजार दोनशे द्राम.'